शिकवता वेगवेगळं, आणि कामाला लावता एकत्र

प्रति,
वैद्यकीय, नर्सिंग, मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी समुपदेशक आहे. चौदा वर्षं झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. ताप, खोकला, रक्तदाब, पाठदुखी घेऊन माणसं जिथे येतात तिथेच माझी खोली आहे. एका अंगाला डॉक्टरांची ओपीडी, दुसऱ्या अंगाला ड्रेसिंगची खोली. मनाच्या आजाराची वेगळी पाटी कुठेही नाही, आणि ते बरंच आहे. तशी पाटी असती तर निम्मे लोक दारातूनच परत गेले असते.

तुम्ही ठरवलेला अभ्यासक्रम पुरा करून दर वर्षी चार-पाच नवी मुलं-मुली आमच्याकडे येतात. कुणी मानसशास्त्रात एमए केलेलं, कुणी समाजकार्यात, कुणी नर्सिंग संपवून आलेलं, कुणी नुकतं डॉक्टर झालेलं. हुशार असतात, मनापासून काम करायची तयारी असते. आणि पहिले सहा महिने सगळे एकमेकांच्या पायात पाय अडकून धडपडत असतात. हे पत्र त्या सहा महिन्यांबद्दल आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करते. रुजू झाले त्या आठवड्यात डॉक्टरांनी एक पेशंट माझ्याकडे पाठवला. मी त्यांच्याशी सव्वा तास बोलले आणि रात्री बसून चार पानी इतिहास लिहिला. बालपण, वडिलांशी ताणलेले संबंध, नोकरीतला अपमान, सगळं व्यवस्थित, मथळे देऊन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. बाहेर रांग लागलेली. त्यांनी पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले आणि विचारलं, "मॅडम, मग झोपेची गोळी चालू ठेवू की बंद करू?"

चार पानांत त्याचं उत्तर नव्हतं. ती गोळी ते किती दिवस घेतायत हे मी विचारलंच नव्हतं. गोळी हा माझा विषय नाही, असं मला वर्गात न बोलता शिकवलं गेलं होतं. आणि पेशंट पाठवताना 'मला अमुक एवढं कळायला हवंय' असं लिहायचं असतं हे डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'समुपदेशन'. आम्ही दोघंही आपापल्या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झालेले होतो.

आता 'टीमने उपचार' म्हटलं की सभांमध्ये सगळे माना डोलावतात. एकोपा, समन्वय, संवाद असे शब्द येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा स्वभावाचा प्रश्न आहे. चांगली माणसं एकत्र आणली की टीम आपोआप होते. तसं होत नाही. ही एक ठरलेली पद्धत आहे, तिला पायऱ्या आहेत, आणि तिच्यातलं जवळजवळ काहीही आपल्या चारांपैकी एकाही अभ्यासक्रमात धड शिकवलं जात नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात वेन केटन, युर्गेन उनुट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पद्धतीवर काम केलं तिला 'कोलॅबोरेटिव्ह केअर' म्हणतात. तिची सर्वांत गाजलेली चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली, 'इम्पॅक्ट' नावाने. साठीच्या पुढचे, नैराश्य असलेले 1,801 पेशंट, 18 प्राथमिक दवाखाने. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला टीमचे. वर्षानंतर टीमच्या गटातल्या 45 टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. नेहमीच्या गटात हेच प्रमाण 19 टक्के होतं. लक्षात घ्या, नवीन औषध कुठलंच नव्हतं. नैराश्यावरची नेहमीचीच औषधं, आणि त्यांच्या जोडीला समस्या सोडवण्याचं कौशल्य शिकवणारी छोटी समुपदेशन-पद्धत. बदललं होतं ते एवढंच की कुणाचं काय चाललंय यावर एका माणसाची सतत नजर होती. ते काम नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ करायचे, आणि दर आठवड्याला त्यांची यादी मानसोपचारतज्ज्ञासमोर जायची.

ही यादी, आमच्या भाषेत रजिस्टर, हा या पद्धतीचा कणा. एका ओळीत एक पेशंट. पहिला स्कोअर, आजचा स्कोअर, शेवटचा संपर्क कधी, औषध कोणतं, डोस किती. स्कोअर बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-9 चा असतो: नैराश्य मोजणारे, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त 27; गुण जास्त तेवढा त्रास जास्त. साधा कागद आहे, दोन-तीन मिनिटांत भरून होतो. तो भरून घ्यायला सगळे शिकतात. भरून झाल्यावर त्याचं काय करायचं, हे शिकायला मात्र मला एक गृहस्थ भेटावे लागले.

त्यांची ओळ मला अजून आठवते. 18, 17, 18, 17. अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत ते सात वेळा येऊन गेले. दर वेळी मी त्यांच्याशी अर्धा तास बोलायची, ते दर वेळी जाताना म्हणायचे, "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं," आणि मी वहीत लिहायची: संबंध चांगला जुळला आहे. डॉक्टरांना वाटत होतं, मॅडम बघतायत. मला वाटत होतं, औषध चालू आहे, म्हणजे डॉक्टर बघतायत. औषध देणाऱ्या फार्मासिस्टला एवढंच दिसत होतं की चिठ्ठी बदललेली नाही. मग एका गुरुवारी आमचे मानसोपचारतज्ज्ञ फोनवर होते, मी ओळी वाचत होते, आणि ही ओळ वाचल्यावर पलीकडून शांतपणे प्रश्न आला: "डोस पहिल्या दिवशी होता तोच आहे का?"

तोच होता. सुरुवातीचा, सगळ्यात कमी. औषधाची सवय व्हावी म्हणून पहिले काही दिवस देतात तो. अकरा आठवडे एक माणूस आमच्या तिघांच्या मधून, आम्ही तिघंही त्याच्याशी छान वागत असताना, तसाच दुःखात फिरत होता. आमच्यापैकी कुणी आळशी नव्हतं. फक्त 'दोन महिन्यांत स्कोअर हलला नाही तर उपचार बदलायचे, आणि तो विषय आपण काढायचा' हे आपलं काम आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. डोस वाढवल्यावर सहा आठवड्यांत ते नऊवर आले. मी तोवर दर भेटीत त्यांच्याशी 'जुळलेला संबंध' जपत बसले होते, याची लाज मला आजही वाटते.

हे मी का सांगतेय? कारण प्रत्येक अभ्यासक्रमात आपापल्या कामाचं एक चित्र असतं, आणि टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्या चित्राचा थोडा भाग पुसावा लागतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पन्नास मिनिटांचं, बंद दाराआडचं सत्र शिकवलेलं असतं. इथे वीस-पंचवीस मिनिटं मिळतात आणि मध्येच सिस्टर दार वाजवते, कारण बाहेर कुणीतरी रडतंय. मानसोपचारतज्ज्ञाला स्वतः तपासल्याशिवाय मत देऊ नये असं शिकवलेलं असतं. इथे त्यांना न पाहिलेल्या वीस पेशंटबद्दल एका तासात सल्ला द्यायचा असतो, आणि पुढचं औषध लिहिणारा हात दुसऱ्याच डॉक्टरचा असतो. त्या डॉक्टरला शिकवलेलं असतं की निर्णय माझा, जबाबदारी माझी. इथे त्यालाच एक समुपदेशक येऊन सांगते की सर, डोस वाढवायला हवा. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला घर, नोकरी, कर्ज दिसतं आणि औषधाबद्दल मनात अढी असते. नर्सला सगळं दिसतं, पण मीटिंगमध्ये तिला कुणी विचारत नाही, कारण त्या वेळी ती इंजेक्शनच्या खोलीत असते.

ज्याने त्याने आपलं चित्र एकट्याने, नोकरीत, पेशंटच्या जिवावर पुसायचं, अशी सध्याची पद्धत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा काढला. त्यातली व्याख्या मला आवडते, कारण ती तीन शब्दयोगींवर उभी आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. आपल्याकडे फार झालं तर 'विषयी' होतं. नर्सिंगच्या तासाला एक पाहुणे मानसशास्त्रज्ञ येतात, मानसशास्त्राच्या तासाला एक पाहुणे डॉक्टर. स्लाइड दाखवतात, टाळ्या होतात. 'कडून' आणि 'सोबत' राहूनच जातं.

'सोबत' नसल्याने काय होतं त्याचा दुसरा प्रसंग सांगते. हा जरा जड आहे.

पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली होती. कामाला व्यवस्थित, अक्षर सुरेख. तिच्याकडे एक फॉर्म भरून आला, नवव्या प्रश्नापुढे दोनवर गोल. तिने बेरीज केली, तारीख घातली, फॉर्म ट्रेमध्ये ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पाच-सात मिनिटांनी सिस्टर ट्रे उचलायला आल्या. त्यांची नजर पडली. फॉर्म तसाच हातात घेऊन त्या धावल्या. त्या बाई अजून औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या होत्या, एवढं नशीब.

पुढे सगळं नीट झालं. त्या बाईंशी बोलणं झालं, मनात तसे विचार आले की काय करायचं, कुणाला फोन करायचा, घरात काय काय दूर ठेवायचं, याचा कागद त्यांच्यासोबत बसून लिहिला, बहिणीला बोलावून घेतलं. पण संध्याकाळी मी त्या मुलीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं ते डॉक्टर बघतील." आणि मग अगदी हळू आवाजात, "विचारायची भीती वाटली. विचारलं आणि हो म्हणाल्या तर मी काय करू?"

आत्महत्येचे धोके यावर तिला परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न आला होता. नऊ मिळाले होते.

तिला दोष देणं सोपं आहे, आणि काही जणांनी दिलाही. पण तिने तो प्रश्न मोठ्याने, समोर बसलेल्या माणसाला, एकदाही विचारलेला नव्हता. नाटकातसुद्धा नाही. उत्तर 'हो' आलं की उठून कुणाच्या दारावर टकटक करायची, पेशंटला एकटं न सोडता ती कशी करायची, डॉक्टरांची ओपीडी मध्येच थांबवायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मदतीला कुणी येणार नाही ही भीती विचारण्याच्या आड येते. मागे माणसं उभी आहेत हे ठाऊक असलेला माणूस निर्धास्त विचारतो. विचारल्याने हे विचार मनात पेरले जात नाहीत हेही तिने वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि तोंडातून शब्द निघणं यात बराच पल्ला आहे.

इथे कुणी म्हणेल, मग प्रशिक्षण शिबिर घेऊ. शिबिरं आम्ही पुष्कळ पाहिलीत. तीन दिवस, फोल्डर, पेन, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. मी तशा अकरा प्रमाणपत्रांची धनी आहे. त्यांतलं काय कामाला आलं असं विचाराल तर दोन फोन नंबर.

हा नुसता माझा कडवटपणा नाही. व्यसन सोडण्यासाठी पेशंटच्या स्वतःच्या इच्छेला हात घालून बोलण्याची एक पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. ती मांडणारे विल्यम मिलर यांनीच आपल्या शिबिरांची परीक्षा घेतली. 2004 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नुसतं शिबिर केलेल्यांचं कौशल्य पुढच्या महिन्यांत ओसरत गेलं. ज्यांना नंतरही आपल्या कामाच्या ध्वनिमुद्रणावर अभिप्राय आणि फोनवर मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यांचं टिकलं. स्वतःच्याच शिबिराबद्दल असा निष्कर्ष छापायला मोठं मन लागतं, हे जाता जाता सांगायला हवं.

शिबिर झालं की शिक्षण सुरू होतं, असं म्हणायला हवं. आमच्या केंद्रात नव्या माणसाचं खरं शिक्षण दोनच ठिकाणी झालेलं मी पाहिलंय: गुरुवारी रजिस्टर वाचताना, आणि दारात उभं राहून केलेल्या ओळखीत. दुसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून 'मॅडमकडे जा' म्हणतात तेव्हा दहापैकी कित्येक जण माझ्या दारापर्यंत येतच नाहीत. मधल्या बाकावर बसतात, विचार करतात, निघून जातात. तेच डॉक्टर खुर्चीतून उठून, पेशंटला घेऊन माझ्या दारात येतात आणि म्हणतात, "या आमच्या मॅडम. झोपेचं तुम्ही मला जे सांगितलंत ते यांना सांगा, मीही पुढच्या वेळी यांना विचारून घेईन," तेव्हा तो माणूस बसतो. तीस सेकंद लागतात. यात शिकण्यासारखं काय, असं वाटेल. पेशंटसमोर काय बोलायचं आणि काय नाही, ही खाजगी गोष्ट मॅडमना सांगू का अशी परवानगी आधी कशी घ्यायची, समुपदेशकाने त्या वेळी वही बंद करून उभं राहायचं की नाही, यातलं प्रत्येक शिकावं लागतं. दोघांनी मिळून शिकावं लागतं, कारण हे एकट्याने करताच येत नाही.

गुप्ततेचं ओझंही इथेच येतं. वर्गात शिकवतात: पेशंटने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये. मग नवी समुपदेशक टीममध्येही काही बोलत नाही. तिच्या लेखी डॉक्टरही 'बाहेर'. किंवा उलट, सगळंच बोलते, ड्रेसिंगच्या खोलीतही. उपचाराला लागतं तेवढं टीमला, बाकीचं स्वतःपाशी, आणि हा नियम पेशंटला पहिल्याच भेटीत सांगितलेला: ही रेघ आखायला मला तीन वर्षं लागली. एक तास पुरला असता, समोर चौघं चार व्यवसायांचे बसलेले असते तर.

आता संख्येकडे येते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर तोच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मानसिक आरोग्य ॲटलसमध्ये दर लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा मध्यक (निम्मे देश याच्या खाली, निम्मे वर) 13 दिलाय. गरीब देशांत दोनाहून कमी, श्रीमंत देशांत साठाहून जास्त. म्हणून सगळीकडे उत्तर एकच निघतं: वेगळी पदवी नसलेल्यांना शिकवा, त्यांच्याकडून करून घ्या. उत्तर चुकीचं नाही. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्यांवर बसून ऐकायला आज्यांना तयार केलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 24 दवाखान्यांच्या चाचणीत त्यांच्याकडे आलेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा बरीच कमी आढळली. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'मानस' चाचणीत असेच समुपदेशक 24 दवाखान्यांत बसवले. 2010 मध्ये निष्कर्ष आले.

त्या निष्कर्षातला एक तपशील मात्र भाषणांमध्ये गळतो. सरकारी आरोग्य केंद्रांत फरक स्पष्ट दिसला. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत तसा दिसला नाही. समुपदेशक त्याच प्रकारचे, पद्धत तीच. तेव्हा माणूस तयार करून कुठेही नेऊन बसवला की झालं, असं नसतं; तो कुणाच्या शेजारी बसतो यावर बरंच ठरतं. आणि आज्यांचं म्हणाल तर, त्या बाकावर एकट्या नव्हत्या. त्यांच्यामागे देखरेख करणारी माणसं होती, आणि अवघड पेशंट कुणाकडे पाठवायचा हे ठरलेलं होतं. बाकाचा फोटो सगळीकडे छापून येतो, त्यामागची व्यवस्था फोटोत येत नाही.

म्हणून 'कमी शिकलेले म्हणजे स्वस्त' हा हिशेब करू नका, अशी विनंती आहे. पदवीची वर्षं वाचतात, देखरेखीचे तास वाढतात. ते तास कुणीतरी द्यायचे असतात. आमच्याकडे ते मी देते, आणि कामाच्या तक्त्यात तो वेळ 'पेशंट शून्य' असा दिसतो. दोन वर्षांपूर्वी मी जिथे काही महिने उसनवारीवर होते, तिथल्या वरिष्ठांनी मला लेखी विचारलं होतं की गुरुवारी दुपारी आपण काय करता. मी लिहून दिलं: रजिस्टर वाचते. त्यांनी गुरुवारची दुपार काढून घेतली. दोन महिन्यांत तिथल्या तिघींपैकी दोघी काम सोडून गेल्या. त्यांची कारणं वेगवेगळी होती म्हणतात, असतीलही.

स्वतः या आजारातून गेलेल्या आणि आता इतरांना साथ देणाऱ्या सहकाऱ्यांबद्दलही एक शब्द. त्यांना टीममध्ये घेण्याची आता पद्धत पडतेय, चांगलं आहे. पण त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण द्यायचं, बाकीच्यांना त्यांच्यासोबत कसं काम करायचं याचं काहीच नाही, असं होतं. मग ते फायली इकडून तिकडे नेताना दिसतात, किंवा उद्घाटनाला आपली कहाणी सांगताना. आमच्यातले एक जण मला म्हणाले होते, "मीटिंगमध्ये माझं मत विचारतात तेव्हा माझ्या आजाराबद्दल विचारतात." मी त्या मीटिंगमध्ये होते. मीच विचारलं होतं.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रमात जागा नाही. खरं आहे, तो ओसंडून वाहतोय. पण मी नवा पेपर मागत नाही. 'टीमवर्क' नावाचा पेपर तर मुळीच काढू नका. त्याची गाइडं येतील, अपेक्षित प्रश्नसंच येतील, आणि 'टीमची वैशिष्ट्ये सांगा' याला पाच गुण मिळतील.

मी मागतेय ते शेवटच्या वर्षातले चार आठवडे. चारही अभ्यासक्रमांतले विद्यार्थी एकाच वेळी, एकाच दवाखान्यात, एकाच रजिस्टरवर. चौघांना मिळून पंधरा पेशंट. दर आठवड्याला मीटिंग त्यांनी चालवायची, आम्ही मागे बसायचं. पहिल्या आठवड्यात डॉक्टर विद्यार्थी एकटाच बोलेल, हे मी आताच सांगून ठेवते. तिसऱ्या आठवड्यात नर्स विद्यार्थिनी त्याला मध्येच थांबवून सांगेल की हे गृहस्थ गोळ्या घेतच नाहीत, पाकीट मी पाहिलंय. त्यासाठीच चार आठवडे हवेत, दोन पुरत नाहीत.

आणि परीक्षा. कागदावर नको. समोर पेशंटची भूमिका करणारा माणूस बसवा आणि पाहा. याची साधनं तयार आहेत: ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये काम करताना समुपदेशकाचं कौशल्य जोखणारी 'इनॅक्ट' नावाची मोजपट्टी बनवली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 'इक्विप' या उपक्रमात अशी साधनं सर्वांसाठी खुली केली आहेत. त्यांत नुकसान करणारं वागणंही वेगळं टिपतात: उपदेश करणं, पेशंटला दोष देणं, ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं. त्याला जोड एवढीच द्या की काही गुण चौघांना मिळून असावेत. नवव्या प्रश्नावर 'हो' आलं. आता तुम्ही चौघं काय करता? दहा मिनिटं. त्या नऊ गुणवाल्या मुलीला ही परीक्षा दिली असती तर ती नापास झाली असती, आणि तिच्यासोबत बाकीचे तिघंही. मग सगळे शिकले असते.

शिकवणाऱ्यांचा प्रश्न उरतो, आणि इथे तुमच्या नियमांनीच गाठ मारून ठेवलीय. समाजकार्याची एक विद्यार्थिनी तीन महिने माझ्या हाताखाली होती. तिने साठ पेशंटचा पाठपुरावा केला, घरभेटी केल्या, उत्तम काम केलं. तिचे तास मोजले गेले नाहीत, कारण मी मानसशास्त्राची आणि देखरेख त्याच विषयाच्या व्यक्तीने करायला हवी असा नियम आहे. तिने तेवढेच तास दुसरीकडे पुन्हा केले, जिथे तिला शिकवणाऱ्या बाई महिन्यातून एकदा येत. चारही मंडळांनी एकमेकांची देखरेख, निम्म्या तासांपुरती का होईना, मान्य करावी. याला पैसा लागत नाही. एक बैठक आणि चार सह्या लागतात. ती बैठक आजवर का झाली नाही याबद्दल माझा एक अंदाज आहे, पण तो इथे लिहीत नाही.

देखरेख करणारे थोडे आहेत हे मान्य. पण सगळं वरूनच यायला हवं असंही नाही. गोव्यातल्याच नंतरच्या कामात समुपदेशकांनी एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून गुण दिले, आणि ते तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. आम्ही हे गेले वर्षभर करतोय, पेशंटची लेखी परवानगी घेऊन. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा कळलं की मी पेशंटचं वाक्य पुरं होऊ देत नाही. चौदा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते रुजू होऊन पाच महिने झालेल्या मुलीने; तीच, सुरेख अक्षराची. मी आता टेबलाखाली बोट दाबून तीन आकडे मोजते आणि मग बोलते.

पुढची तुकडी येत्या सोमवारी रुजू होतेय. पाच जण आहेत. त्यांचा पहिला आठवडा मी असा ठरवलाय: फॉर्म नाही, फाइल नाही. पहिल्या दिवशी औषधाच्या खिडकीशी उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सिस्टरांसोबत, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीमागे. गुरुवारी रजिस्टर. शुक्रवारी नववा प्रश्न, एकमेकांना, मोठ्याने, वीस वेळा. हे सगळं तुमच्या अभ्यासक्रमाच्या बाहेर, माझ्या रजेच्या आणि सिस्टरांच्या जेवणाच्या वेळेतून चालतं. ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या आत यावं यासाठी काय काय लागेल, तेवढं मला कळवा. कागद मी तयार करून देते.

आपली,
प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक समुपदेशक